नव्वद डिग्रीची नोंद

मी सांगलीच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत कायमची अशी तीनच माणसं होती. एक माझे मार्गदर्शक सर. जुन्या सांगलीतल्या घरातले, पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलणारे. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, तरी त्यांच्या केबिनमधून डोळे पुसत बाहेर आलेल्या मुली मी पाहिल्या होत्या. दुसरी मी, कराडच्या बाजूच्या ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी. आणि तिसरे फौजी.

फौजी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. माण तालुक्यातल्या एका गावचे. वय चाळिशीच्या पुढचं. आमच्या प्रकल्पावर ते कंत्राटी तंत्रसहायक होते. नावानं त्यांना कोणी हाक मारत नसे. ते मला 'मॅडम' म्हणत, मी सव्वीस वर्षांची असले तरी.

आमचं काम उसाच्या चिपाडावर होतं. कारखान्यातून पोतं भरून चिपाड यायचं, ते कॉस्टिक सोड्यात शिजवून, धुऊन, त्याचा पांढरा लगदा करायचा. कागदाला वापरतात तसाच. पण कागदवाले तिथं थांबतात. आम्हाला त्या लगद्यातला एकेक धागा आणखी सोडवायचा होता, डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. ते जमलं की लगद्याचा पांढरेपणा जातो आणि हातात येते खळीसारखी दाट, अर्धपारदर्शक जेली. ती काचेवर पसरून वाळवली की तिचा पापुद्रा निघतो. प्लॅस्टिकसारखा दिसणारा, ओढला तरी न फाटणारा, आणि मातीत टाकला तर कुजून जाणारा. सरांना त्यातून पॅकिंगचा कागद करायचा होता.

धागे सोडवायला दोन दगडांचं यंत्र होतं. कच्चा लगदा त्यात घातला की यंत्र गच्च बसायचं. म्हणून आधी लगद्यात एन्झाइम घालायचं. एन्झाइम धाग्यातली कच्ची जागा शोधून तिथं कापतं. पन्नास डिग्रीच्या कोमट पाण्यात दोन तास त्याला काम करू द्यायचं आणि मग नव्वद डिग्रीला अर्धा तास तापवून मारून टाकायचं. 'मारायचं' हाच शब्द आम्ही वापरायचो. मारलं नाही तर ते कापतच राहतं. डब्यात, कपाटात, तुम्ही घरी झोपलेले असताना. आज जेली छान दिसते आणि महिन्याभरात तिच्यातला जीव निघून गेलेला असतो.

यंत्र फौजींच्या हाताखाली होतं. दोन दगडांमध्ये किती अंतर ठेवायचं ते पुस्तकात लिहिलेलं होतं, पण फौजी कान लावून ठरवायचे. "आता दगुड रडाय लागला, मॅडम. जरा ढिला करू," असं म्हणून ते चाक अर्ध्या रेघेनं फिरवत, आणि मग जेली यायची. माझे पहिले आठ महिने नुसते वाया गेले होते. ते आल्यावर माझं काम सुरू झालं. हे मी त्या वेळी कुणाजवळ बोलले नाही.

त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप-लेक विश्रामबागला एका खोलीत राहायचे. बायको गावाकडं शेत आणि मेंढरं बघायची. मुलगी कधीमधी दुपारी लॅबच्या दारात यायची, मैत्रिणींना घेऊन. "ते यंत्र पप्पा चालवतात," असं सांगायची. फौजी पाठ वळवून हसायचे.

सर त्यांना प्रयोगशाळेपुरतं ठेवत नसत. बंगल्यावरचा गीझर, गाडीची बॅटरी, बागेतला पंप, सगळ्याला फौजी. "हवालदार, जरा घरी जाऊन या," असं सर म्हणत, आणि फौजी हातातलं काम माझ्याकडं देऊन जात. मीही त्यांचा वापर करायची, फक्त माझी रीत वेगळी होती. एरवी मी लॅबमध्ये प्रमाण मराठी बोलायची. काम करून घ्यायचं असलं की आमच्या गावाकडच्या बोलीत शिरायची. "फौजी, येवढं करून टाका की, तुमीच हाय मला." त्यांना ते आवडायचं. मला ते माहीत होतं.

एप्रिलमधला शनिवार होता. साताऱ्याला मावसबहिणीची हळद होती आणि मला पाचची एसटी धरायची होती. इतर बहिणींच्या आधी मेंदी काढून घ्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी वीस लिटरची मोठी बॅच लावलेली होती, पुण्याहून पॅकिंग कंपनीचे लोक यायचे होते त्यांच्यासाठी. फौजींना सरांनी दुपारी दोनला बंगल्यावर पाठवलं होतं, पंपाची मोटर जळली होती. म्हणून बॅच माझ्याकडं.

दोन तास झाल्यावर मी वॉटर बाथ, म्हणजे डबे ठेवायची गरम पाण्याची टाकी, नव्वदवर लावला. तो जुना होता, हळू तापायचा. सव्वाचार झाले तेव्हा काटा साठच्या थोडा पुढं होता. साडेचारला सत्तरसुद्धा नव्हते. मी पाच मिनिटं उभी राहिले, घड्याळाकडं बघत. मग बटण बंद केलं, डबे बाहेर काढून झाकणं लावली आणि रिक्षा पकडली.

बस आष्ट्याच्या पुढं गेल्यावर आठवलं, की वहीत नोंद राहिली. ज्यानं काम केलं त्यानं वेळ आणि तापमान लिहून सही करायची, असा सरांचा नियम होता, आणि सोमवारी सकाळी सर पहिल्यांदा वही बघत. मी फौजींना फोन लावला. ते नुकतेच लॅबवर परत आले होते.

"फौजी, बॅच झाली बरं का. नव्वदला अर्धा तास. नोंद तेवढी तुमी करून सही मारा. मला गडबडीत न्हाई जमलं."

पलीकडं डबा सरकल्याचा आवाज आला.

"नव्वदला अर्धा तास," ते म्हणाले.

"व्हय. झालंय सगळं."

"बरं, मॅडम."

हळद छान झाली. माझी मेंदी सगळ्यात गडद आली होती.

सोमवारी फौजींनी लगदा दगडातून काढला. इतकी सुंदर जेली आमच्याकडं आधी आली नव्हती. सरांनी बोटावर घेऊन उजेडात धरली आणि "वा" म्हणाले. ते 'वा' माझ्याकडं बघून म्हणाले. डबे कपाटात गेले. पुढं मे महिना, सांगलीचा उन्हाळा, लॅबला एसी एकच आणि तो सरांच्या केबिनमध्ये.

तीनेक आठवड्यांनी मी सहज एक डबा उघडला. जेली पातळ वाटली. साखर तपासायची एक सोपी चाचणी असते. पिवळं द्रावण घालून उकळायचं, साखर असेल तर रंग तांबूस होत जातो. चांगल्या जेलीत तो जेमतेम बदलतो. माझ्या नळीतला रंग काकवीसारखा झाला. म्हणजे एन्झाइम जिवंत होतं आणि धाग्यांची साखर करत बसलं होतं.

त्या क्षणी सगळं समजलं. कंपनीचे लोक यायला अजून आठ-दहा दिवस होते; सरांना सांगितलं असतं तर नवी बॅच करायला पुरले असते. पण मग विचारलं असतं, एन्झाइम मेलं का नाही? वही उघडली असती. फौजींनी सांगितलं असतं की मी इथं नव्हतो. मी नळी सिंकमध्ये ओतली, धुतली, आणि त्या दिवसाच्या पानावर काहीच लिहिलं नाही. माझ्या मनात दुसराही विचार आला होता आणि तो मी लपवणार नाही: वहीत सही माझी नाही.

त्याच जेलीचे पापुद्रे केले. दिसायला काचेसारखे स्वच्छ.

कंपनीचे तिघं आले तेव्हा लॅबमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, इतर विभागांचे प्राध्यापक होते, मुलं मागं उभी होती. सरांनी सुरेख भाषण केलं. मग एक पापुद्रा त्यांतल्या वयस्कर माणसाच्या हातात दिला आणि म्हणाले, "घडी घाला. निर्धास्त घाला."

त्या माणसानं घडी घातली. पापडासारखा आवाज झाला. दोन तुकडे त्याच्या मांडीवर पडले.

"दुसरा घ्या," सर हसून म्हणाले. दुसराही मोडला. तिसरा सरांनी स्वतः वाकवला, आणि तो त्यांच्या बोटांतच तुटला. कंपनीच्या माणसानं पँटवरचे तुकडे हळूच झटकले. तो चांगला माणूस असावा, त्यानं खाली बघितलं.

सर तसेच हसत होते. "एका मिनिटात कारण सांगतो," ते म्हणाले. "हवालदार, एप्रिलची वही आणा."

फौजी वही घेऊन आले.

"त्या बॅचची नोंद मोठ्यानं वाचा. पाहुण्यांनाही ऐकू द्या."

फौजींनी वाचलं. इंग्रजी आकडे ते फौजेतल्या पद्धतीनं स्पष्ट वाचत. "नाइन्टी डिग्री. थर्टी मिनिट्स."

"सही कोणाची?"

"माजी हाय, सर."

"पुन्हा वाचा. डिग्री किती?"

"नाइन्टी."

"तुम्हाला नव्वद लिहिता येतं. नव्वद करता येतं का?" सर पाहुण्यांकडं वळले. "आमच्याकडं लष्कर आहे. शिस्त फार. कागदावर सगळं चोख असतं, फक्त शत्रू मेलेला नसतो."

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. सरांनी त्यांना तिसऱ्यांदा वाचायला लावलं. फौजींनी वाचलं, टाचा जुळवून, ताठ उभं राहून. त्यांची नजर एकदाच माझ्याकडं आली, तीही अशी, की तिच्यात प्रश्नसुद्धा नव्हता. मी टेबलावरचे तुकडे गोळा करत होते. एकेक तुकडा मी फार काळजीपूर्वक उचलत होते.

दारात त्यांची मुलगी उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तिच्या बाजूच्या दोन्ही मैत्रिणी हसत होत्या. ती हसली नाही आणि गेलीही नाही. शेवटपर्यंत थांबली.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र फौजींच्या हातातून काढलं. काचसामान धुवायचं काम दिलं. दगड दुसऱ्या एकाकडं गेले आणि आठवड्याभरात वरच्या दगडाला तडा गेला. कॉलेजात त्यांच्या मुलीचं नाव 'नव्वद डिग्री' पडलं. कँटीनमध्ये ती आली की कुणीतरी म्हणायचं, "चहा नव्वदला उकळलाय ना?" ती खोली सोडून हॉस्टेलला राहायला गेली. बापाला रस्त्यात बघून तिनं दुसरी बाजू धरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय.

एके दिवशी फौजी कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभे राहिले. हात ओले होते, पुसायचं भान नव्हतं.

"मॅडम, एक इनंती हाय. सरांस्नी येवढंच सांगा, त्या दुपारी मी हितं नव्हतो म्हून. तुमचं नाव घिऊ नका. बाथ बिघडलावता म्हणा. माजी पोरगी बोलंना झालीया माज्याशी."

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. त्या दिवशी मी गावाकडच्या बोलीत बोलले नाही.

"सही तुमची आहे ना, फौजी?"

त्यांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले, आणि परत बेसिनकडं गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. वर्ष संपल्यावर त्यांचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. जाताना त्यांनी दगडांच्या अंतराची, आवाजाची, लगद्याच्या दाटपणाची टिपणं असलेली आपली डायरी माझ्या टेबलावर ठेवली. बरोबर चिठ्ठी नव्हती.

त्या खराब जेलीचे नमुने मी आधीच बाहेरच्या एका संस्थेत मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवले होते. फोटो आले. धागे आखूड झाले होते, पण कमालीचे बारीक आणि एकसारखे. पापुद्र्याला निरुपयोगी, मात्र रंगात, मलमात घट्टपणा आणायला उत्तम. सर फोटोंकडं बराच वेळ बघत बसले. "हे वाया गेलेलं नाही," ते म्हणाले. "हे आपण मुद्दाम केलं."

मग आम्ही ते मुद्दाम केलं. एन्झाइम न मारता, रोज मोजमाप घेत, पुन्हा-पुन्हा. दगडाला फौजींच्या डायरीप्रमाणं अंतर दिलं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण ते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एन्झाइम जिवंत ठेवायची कल्पना सुचली कशी?" मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "निरीक्षणातून, सर." आभाराच्या पानावर आईवडील होते, सर होते, ग्रंथपाल होते, चहावाले मामाही होते. फौजी नव्हते. त्यांचं नाव घातलं तर कुणीतरी विचारेल, हे कोण, असं मला वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन सरांच्या बंगल्यावर गेले. त्यांच्या पत्नी आत चहा करत होत्या. सरांनी पेढा अर्धा मोडून खाल्ला आणि अगदी मायेनं म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. पापुद्रे मोडले ना, मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय, सर?"

"हवालदार त्या दुपारी इथं होता ना. याच अंगणात, पाच वाजेपर्यंत, मोटर उघडून बसला होता. मीच चहा दिला त्याला. मग बॅच कोण मारणार?"

माझ्या हातातला बॉक्स तसाच राहिला.

"मग तुम्ही..."

"तुझं नाव घेतलं असतं तर तुझी फेलोशिप गेली असती, माझा प्रकल्प गेला असता. कंत्राटी माणूस बदलता येतो. विद्यार्थी घडवायला चार वर्षं लागतात." त्यांनी उरलेला अर्धा पेढा उचलला. "तूही गप्प बसलीस. तेव्हाच मला वाटलं, ही मुलगी पुढं जाईल."

मी चहा प्यायले. त्यांच्या पाया पडले आणि निघाले.

आता मी साताऱ्यात एका कॉलेजात शिकवते. मागच्या वर्षी एका मुलानं प्रॅक्टिकलला दुसऱ्याची रीडिंगं उतरवली. मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, वही मोठ्यानं वाचायला लावली आणि विचारलं, "सही कोणाची?" "माझी, मॅडम," तो म्हणाला. वर्ग हसत होता. मला त्याची मजा येत होती. दुसऱ्यांदा वाच, म्हणाले तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला, शांत, जरासुद्धा न चढलेला. मी वर्ग सोडून स्टाफरूममध्ये येऊन बसले. त्या रविवारी दहिवडीची, फौजींच्या तालुक्याची, गाडी धरली.

फौजींचं घर गावाच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत त्यांनी पिठाची गिरणी टाकली होती. अंगभर पीठ, भुवया पांढऱ्या. त्यांनी मला ओळखलं, गिरणी बंद केली, पाणी दिलं. बायको मेंढरांकडं गेली होती, मुलगी दहिवडीला क्लासमध्ये शिकवायला. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. बाथ, बस, मेंदी, काकवीच्या रंगाची नळी, सगळं.

संपल्यावर म्हणाले, "मला म्हाईत हुतं."

"केव्हापासून?"

"फोन आला तवाच. डब्याला हात लावला. नव्वदचा डबा तासाभरात असा गार पडतो व्हय? वीस लिटरच्या बॅचचा?"

"मग सही का केलीत?"

"तुमी म्हणला झालंय. सतरा वरसं वरच्यानं झालं म्हणलं की झालं, असंच शिकलो." त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. "चूक माजी बी हाय. मी परत तापवाय पायजे हुतं. तुमाला वाईट वाटंल म्हून न्हाई तापवलं."

मी रडायला लागले. त्यांनी थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. दगड तपासत बसले. थोड्या वेळानं मी म्हणाले, "मी तुमच्या मुलीला सांगते. आजच सांगते."

"नगं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "आवं मॅडम, तिनं मला माफ केलंय. दोन वरसं बोलली न्हाई. मग एक दिस सोता म्हणाली, पप्पा, माणूस हाय, चुकतो. तवापासनं ताटाला ताट लावून जेवतो आमी. आता तुमी खरं सांगितलं, तर तिला माजी माफी मागाय लागंल. ते वजं तिच्यावर कशाला? येवढी एकच गोष्ट मागतो."

मी कबूल केलं.

मुलगी जेवायच्या वेळेला आली. मोठी झाली होती. मला बघून तिनं आदरानं नमस्कार केला. भाकरी, मटकी, खर्डा. बाप-लेकीचं हसणं-खिदळणं चाललं होतं. परतीची बस दहिवडीहून होती, ती म्हणाली, मी स्कूटीवर सोडते.

वाटेत दोन्ही बाजूंना उघडा माळ. ती बोलत होती. "पप्पा तुमचं नाव काढतात कधीकधी. त्यांच्या हातून एवढी मोठी चूक झाली, तरी मॅडमनी कधी वाकडा शब्द काढला न्हाई म्हणतात."

मी कबूल केलं होतं. तरी मी बोलले. तिच्या पाठीमागं बसून, तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून मला सोपं गेलं असेल. सगळं सांगितलं, सर म्हणाले तेसुद्धा.

स्कूटी हळूहळू थांबली.

"उतरा."

मी उतरले.

"हे तुमी पप्पांसाठी सांगितलं का तुमच्यासाठी?"

मी पर्स खांद्यावर नीट केली.

"दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले न्हाई. आजारी पडले तवा डॉक्टरकडं मम्मी एकटीच घेऊन गेली, मी हॉस्टेलवर बसून हुते. एकदा मीच त्यांच्या तोंडावर म्हणाले, तुमाला बाप म्हणायची लाज वाटती." तिचा आवाज रडका नव्हता. "त्यांना सगळं म्हाईत असून त्यांनी ते ऐकून घेतलं. आता घरी जाऊन त्यांच्याकडं बघू कशी?"

तिनं स्कूटी वळवली आणि गेली. मी चालत फाट्यापर्यंत आले. बस मिळाली. पुसेगावच्या जवळ फौजींचा फोन आला.

"मॅडम, एकच गोष्ट मागितली हुती."

"फौजी, मला..."

"पोरगी दार लावून आत बसलीया," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर मी बऱ्याचदा लावला. उचलला नाही.

महिन्याभरानं मुलीचाच फोन आला. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग न्हाई. जिथं सगळे पप्पांना हसले, तिथं येऊन सांगा. माझ्यासमोर."

आम्ही सांगलीला त्या प्रयोगशाळेत गेलो. फौजी आले नाहीत. त्यांना तिनं कळवलंच नव्हतं. सर आता विभागप्रमुख झाले होते. लॅबमध्ये सगळं नवं होतं, यंत्र नवं, बाथ नवा, काम करणारी सहा-सात मुलं नवी. तेव्हाचं कोणीच उरलं नव्हतं. मी सरांना म्हणाले, मला या मुलांसमोर पाच मिनिटं बोलायचंय. त्यांनी मुलीकडं बघितलं, ओळखलं असावं, आणि "अवश्य," म्हणाले.

मी उभी राहून सांगितलं. नोंद खोटी होती, ती मी करायला लावली, ज्या माणसाची सगळ्यांसमोर चेष्टा झाली त्याचा काही दोष नव्हता, आणि माझ्या प्रबंधातलं चांगलं प्रकरण त्यातूनच आलं. सरांना ठाऊक होतं, हेही सांगणार होते. सर समोर हाताची घडी घालून उभे होते. ते वाक्य मी गाळलं.

मुलं शांतपणे ऐकत होती. एकीचा टायमर वाजला, तिनं दबकत जाऊन नळी बाहेर काढली.

मी थांबल्यावर सर दोन पावलं पुढं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ते मुलांना म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. इतक्या वर्षांनी, कोणी विचारलेलं नसताना, साताऱ्याहून येऊन स्वतःची चूक सांगते. संशोधकाला हा प्रामाणिकपणा लागतो. शिका."

एकानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

फौजींची मुलगी दाराजवळ उभी होती. तिनं त्या मुलांचे चेहरे एकेक करून बघितले. कुणालाही तिच्या वडलांचं नाव माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. सर तिच्याकडं वळून म्हणाले, "तुझे वडील मेकॅनिक फार चांगले होते हो. चहा घेऊन जा."

ती माझ्या आधी बाहेर पडली. मी जिना उतरून खाली आले तेव्हा ती गेटच्या बाहेर रिक्षात बसत होती. मी हाक मारली. तिनं ऐकली, कारण माझ्याकडं एकदा बघून ती रिक्षावाल्याला म्हणाली, "चला, स्टँडला," आणि रिक्षा निघाली.